एकशे सहा

नवा चष्मा आणला नसता तर मी आणखी काही महिने सुखात काढले असते. सकाळी दात घासून झाल्यावर मी बाल्कनीच्या दाराशी ठेवलेल्या ट्रेमधून तपकिरी पंप उचलला, आणि त्याच्या पाठीवरच्या इवल्याशा खिडकीत, जिथे गेले तीन महिने मला नुसता करडा डाग दिसत होता, तिथे चक्क आकडा दिसला. एकशे सहा. पंप हलवून पाहिला. एकशे सहा. चष्मा काढून बनियनला पुसला, पुन्हा घातला, पंप उजेडात धरला, तरी एकशे सहा जागचा हलेना. ज्याला दमा नाही त्याला यात दचकण्यासारखं काय ते कळायचं नाही, म्हणून सांगतो. दम्याचे पंप दोन. निळा असतो तो धाप लागल्यावर ओढायचा, थोड्या मिनिटांत छाती मोकळी करतो. तपकिरी असतो तो काहीही होत नसताना घ्यायचा, रोज सकाळी एक फवारा आणि संध्याकाळी एक. त्याने त्या क्षणी काहीसुद्धा वाटत नाही, फक्त निळ्याची पाळी येत नाही. माझ्या तपकिरी पंपात भरलेले फवारे दोनशे. हा पंप मी बरोबर चौऱ्याऐंशी दिवसांपूर्वी सुरू केला, तारीख माझ्या वहीत लाल शाईने आहे. रोजचे दोन म्हणजे एकशे अडुसष्ट गेले. बत्तीस उरायला हवे होते. खिडकी म्हणत होती एकशे सहा. म्हणजे चौऱ्याहत्तर फवारे मी घेतलेच नव्हते, आणि मला तर एकूण एक फवारा घेतल्याचं आठवत होतं.

"अहो, त्या पंपाकडे असे काय बघताय? तो काही बोलणार आहे का?" बायको टेबलाशी बसून पेपर वाचत होती. मी म्हणालो, "पंप बिघडलाय." ती म्हणाली, "मग बदला." तिच्या दृष्टीने विषय तिथे संपला आणि तिने पान उलटलं. पण मी असा सहज विषय संपवणारा माणूस असतो तर मला कुणी पगार दिला नसता. मी तो सकाळचा फवारासुद्धा घेतला नाही, कारण पुराव्याला हात लावायचा नसतो. पंप स्वच्छ रुमालात गुंडाळला, खिशात घातला आणि ऑफिसला निघालो. जिन्यात मनाशी ठरवून टाकलं की आकडा चुकीचा आहे. आत एवढंसं चाक असतं, प्रत्येक फवाऱ्याला एक दात पुढे सरकतं, ते अडकलं असेल. प्लास्टिकच्या चाकावर विश्वास ठेवायचा की अठरा वर्षं लोकांच्या चुका काढून खाणाऱ्या माणसाच्या स्मरणशक्तीवर?

चुका काढून खातो हे शब्दशः खरं आहे. आमच्या ऑफिसात बावीस माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत इतरांनी केलेले अभ्यास वाचतात. अमक्या औषधाने तमका आजार बरा होतो असं जगात कुणीही कुठे छापलं की ते शेवटी आमच्या टेबलावर येतं. आम्ही ते उलटंपालटं करून बघतो आणि साध्या माणसाला कळेल अशा भाषेत एक निकाल लिहितो. निकाल तीनच आहेत. पुरावा अपुरा आहे. पुरावा आशादायक आहे. पुरावा खात्रीचा आहे. अठरा वर्षांत मी तिसरं वाक्य दोनदा लिहिलं, आणि त्यातलं एक मॅडमनी खोडलं. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. तुम्ही काहीही सांगा, त्या चष्म्यावरून बघत "मग?" एवढंच म्हणतात, आणि समोरचा माणूस आपण होऊन आपलं म्हणणं मागे घेतो. गेल्या वर्षी त्यांनी माझ्यापुढे गठ्ठा ठेवला: दमा आणि डॉक्टरी औषधांपलीकडचे उपचार. सुया टोचणं, पाठ रगडणं, मिठाच्या खोलीत बसणं, साखरेच्या गोळ्या, काढे, मध, श्वासाचे व्यायाम, शिवाय पायाच्या अंगठ्याला दोरा बांधणं. "तुम्हालाच दिलंय मुद्दाम," मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला आतून माहीत आहे." आतून म्हणजे अगदीच आतून. मला सहाव्या वर्षापासून दमा आहे.

सहाव्या वर्षी आई गेली आणि मावशीकडे राहायला आलो, आणि तिथे पहिल्याच आठवड्यात छातीतून शिट्टी ऐकू आली. मावशीला वाटलं पोरगं गातंय. गाणं नाही हे कळल्यावर तिने कंबर कसली ती पुढे बारा वर्षं सोडली नाही. तिच्या उपायांची यादी माझ्या ऑफिसातल्या गठ्ठ्याहून लांब होईल. फलाटावर भेटलेल्या एका बाईने तिला सांगितलं की दाराच्या चौकटीला मुलाला उभं करा, डोक्याच्या उंचीवर भोक पाडा, त्यात त्याच्या केसांची बट कोंबून वरून मेण लावा. मुलगा भोकाच्या वर वाढला की दमा खाली राहतो. मावशीने सुतार बोलावला. सुताराने भोक पाडता पाडता विचारलं, "बाई, इथे कडी बसवायची का?" ती म्हणाली, "नाही, दमा." दीड वर्षात मी भोकाच्या दोन बोटं वर गेलो आणि माझ्याबरोबर दमाही वर आला. मावशी जरा वेळ विचार करून म्हणाली, "सुताराने भोक खाली पाडलं." मग तिने शेजाऱ्यांचा कुत्रा मागून आणला. कुत्रा पायाशी झोपवला की दमा कुत्र्यात उतरतो, असं तिला पक्कं कळलं होतं. कुत्रा म्हातारा होऊन मरेपर्यंत त्याला साधी शिंकसुद्धा आली नाही, आणि कुत्र्याच्या केसांनी माझी जी दशा झाली ती सांगण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट आहे. धाप लागली की मी पलंगाच्या काठावर वाकून बसायचो आणि मावशी मागे बसून पाठीवरून हात फिरवायची, खालून वर, वरून खाली, खरखरीत, सावकाश, कधी तासभर. तोंडाने काही बोलायची नाही. त्या हाताखाली श्वास सुटा व्हायचा. खरंच व्हायचा. की व्हायचाच होता, आणि हात फक्त तिथे होता? ऑफिसच्या एकाही तक्त्यात मला त्यासाठी रकाना सापडला नाही. मावशी गेली त्याला पंधरा वर्षं झाली. त्या हाताची आठवण आली की मला आजही रडू येतं, आणि ते मी सर्दीवर ढकलतो.

रस्ता ओलांडताना हेच सगळं डोक्यात होतं, कारण खरं सांगायचं तर तो गठ्ठा वाचताना मी वर्षभर चोरून एकच शोधत होतो: मावशीची एखादी तरी गोष्ट खरी निघावी. सुया अपुऱ्या निघाल्या. मीठ अपुरं निघालं. साखरेच्या गोळ्या अपुऱ्या. कुत्र्यावर कुणी अभ्यास केलेलाच नव्हता. श्वासाचे व्यायाम तेवढे बरे दिसत होते. ते करणाऱ्या माणसांना बरं वाटत होतं, फुंकायच्या मीटरवरचे आकडे मात्र फारसे सरकत नव्हते. बरं वाटतं आणि आकडे सरकत नाहीत, ही माझ्यासारख्याला अगदी नकोशी जागा. तेव्हा मी ठरवलं की आपणच बघू. आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर, फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये, एक निवृत्त पोहणेमास्तर दम्याच्या लोकांना हळू श्वास घ्यायला शिकवतात. साठीचा, रुंद खांद्यांचा, फार कमी बोलणारा माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी एक छापील कागद हातात दिला. त्याची पहिली ओळ होती: आधी डॉक्टरांचं औषध, मग माझा व्यायाम. मी त्यांना विचारलं, "तुमच्याकडे पुरावा काय आहे?" ते म्हणाले, "चाळीस वर्षं पाण्यात होतो. कुणी बुडलं नाही. बसा."

मग मी घरी स्वतःवर अभ्यास मांडला. आता लोक व्यायाम करतात, बरं वाटलं तर चार जणांना सांगतात, नाही वाटलं तर सोडून देतात. मी तसा नाही. मी बारा चिठ्ठ्या केल्या, सहांवर 'व्यायाम' आणि सहांवर 'आराम', त्या बिस्किटांच्या डब्यात घातल्या, आणि दर रविवारी संध्याकाळी बायकोने डोळे मिटून एक काढायची. "डोळे कशाला मिटायचे? चिठ्ठी घडी घातलेलीच आहे की," ती म्हणायची. "पद्धत आहे," मी म्हणायचो. तिने लग्नानंतर माझ्या पुष्कळ पद्धती पाहिल्यात, त्यामुळे ती डोळे मिटायची. व्यायामाच्या आठवड्यात बाल्कनीच्या दाराशी स्टूल आणि त्यावर ट्रे: घड्याळ, उशी, मास्तरांचा कागद, पंप, नॅपकिन. आरामाच्या आठवड्यात एकही श्वास चुकूनसुद्धा मास्तरांच्या पद्धतीने घेतला जाऊ नये, म्हणून तो सगळा ट्रे कपाटावर, डोळ्यांआड. रोज दोन वेळा मीटरमध्ये फुंकायचं, आकडा वहीत, जितका मोठा तितकी छाती मोकळी. वहीला मी अकरा रकाने आखले. झोप किती, हवा कशी, धूळ, जिना किती वेळा चढलो, मनःस्थिती, अगदी शेजारचा माणूस घरात रंग देतोय का इथपर्यंत. दर पंधरा दिवसांनी मला त्या वहीचं कौतुक वाटायचं.

आणि आकडे काय यावेत! आरामाच्या आठवड्यात तीनशे साठ, तीनशे सत्तर. व्यायामाच्या आठवड्यात चारशे वीस, चारशे तीस. पहिला आठवडा बघून मी हसलो, तिसऱ्याला गप्प झालो, आणि नवव्या आठवड्याला मी ते केलं जे आमच्या धंद्यात पाप समजतात. अभ्यास संपायच्या आत सरासरी काढून बघितली. छप्पन्नचा फरक. जेवणाच्या टेबलावर वही पसरून मी अर्धा तास नुसता बसलो. मावशी जिंकली, असंच मनात आलं. वास्तविक मावशीने कधी हळू श्वास घ्यायला सांगितलं नव्हतं, ती उलट "जोरात घे, जोरात घे" म्हणून ओरडायची. तरीही मला ते तिचंच वाटलं. तेवढ्यात रविवार म्हणून लेकीचा फोन आला.

लेक दुसऱ्या शहरात जुन्या कागदांची दुरुस्ती शिकते. शेदोनशे वर्षांची दप्तरं, कीड लागलेली, बोट लावलं की भुगा होणारी. ती ब्रशने झाडायची, पातळ कागद चिकटवून जगवायची. दम्याच्या मुलीने धुळीचं काम निवडावं यावर मी तेव्हा आठ दिवस आदळआपट केली होती, आणि तिने एका वाक्यात मला गप्प केलं होतं: "बाबा, दमा मला तू दिलास, काम मी निवडीन." तर त्या रविवारी मी तिला सगळं सांगितलं. चिठ्ठ्या, सरासरी, छप्पन्न. आवाज चढला होता माझा. बायको स्वयंपाकघरातून बघून गेली. मग लेक म्हणाली, "म्हणजे व्यायाम करत राहिलं तर तपकिरी पंप सोडता येईल? मला त्याचा कंटाळा आलाय रे." आणि इथे माझी जीभ, जी अठरा वर्षांत कुणाही माणसाला हो किंवा नाही म्हणाली नव्हती, तिने सवयीने उत्तर दिलं: "पुरावा आशादायक आहे." ती हसली. "म्हणजे हो ना?" मी म्हणालो, "आशादायक." त्याला तीन आठवडे झाले. त्यानंतरच्या रविवारी तिने व्यायाम चालू असल्याचं सांगितलं, आणि मी तिला श्वास कसा मोजायचा ते पुन्हा समजावलं. पंपाचं मी विचारलं नाही. कदाचित मला हो ऐकायचं होतं.

ऑफिसात पोचलो तेव्हा टेबलावर अडतिसावा अभ्यास येऊन पडला होता. मिठाच्या खोलीचाच, पण मोठा, चांगल्या कागदावर. मी रुमालातला पंप काढून समोर ठेवला, चहा आणला आणि आमचा तक्ता भरायला घेतला. या तक्त्यात नववा प्रश्न माझा आहे. म्हणजे खरोखर माझा. तो आधी नव्हता, मी भांडून घालून घेतला, आणि ऑफिसात त्याला माझ्याच नावाने ओळखतात. प्रश्न असा: उपचार चालू असताना नेहमीचं औषध नियमित घेतलं का, याची नोंद ठेवली आहे काय? माणसं नव्या उपचाराला लागली की शिस्तीत वागू लागतात, जुनं औषधही वेळेवर घेतात, आणि गुण मात्र नव्याच्या पदरात टाकतात. तेव्हा तो रकाना नसेल तर पुढचं वाचायचंच नाही, असं मी नव्या मुलांना शिकवतो. या प्रश्नावर मी सदतीसपैकी एकोणतीस अभ्यासांना लोळवलं आहे. एका प्राध्यापकाने तर चिडून पत्र लिहिलं होतं की तुम्हाला नाकाने कांदे सोलायला बरं जमतं. ते पत्र मी जपून ठेवलंय. अडतिसाव्यातही तो रकाना नव्हता. मी मोठ्या समाधानाने लिहिलं, "नेहमीचं औषध नियमित घेतलं का, याची नोंद नाही," आणि 'नाही'ची वेलांटी देताना माझी नजर पंपावर गेली. एकशे सहा.

अकरा रकाने. मी बोटांवर मोजले. झोप, हवा, धूळ, जिना, मनःस्थिती, रंग. बारावा नव्हता. कारण बाराव्याची गरजच नव्हती, औषध तर मी घेतोच. तीस वर्षं घेतोय, ते काय लिहायचं? मी डोळे मिटून आठवायला बसलो. मी आरशासमोर उभा आहे, बेसिनवरच्या काचेच्या फळीवर पंप आहे, मी तो उचलतो, हलवतो, श्वास सोडतो, ओढतो, दहा मोजतो. स्पष्ट आठवतंय. संध्याकाळीही तसंच. आरशात माझा चेहरा, कपाळापासून कानापर्यंत तिरपा तडा. तडा? तो तड्याचा आरसा आम्ही दोन वर्षांपूर्वी बदलला. ज्या फळीवरून मी रोज पंप उचलत होतो त्या फळीवर गेले तीन महिने दाढीचा साबण होता. पंप ट्रेमध्ये होता. आणि ट्रे, आरामाच्या आठवड्यात, डोळ्यांआड, कपाटावर, माझ्या हाताने. सहा आठवडे, दिवसाला दोन, चौऱ्याऐंशी फवारे. त्यातले दहा घेतले असतील, कधी फारच त्रास झाला म्हणून स्टूल लावून ट्रे खाली काढला तेव्हा. राहिले चौऱ्याहत्तर. चाकाचा एक दातसुद्धा चुकला नव्हता. मास्तर बिचारे म्हणाले होते, आधी औषध. ट्रे समोर असला की मी त्यांच्या कागदाबरहुकूम औषध घेत होतो आणि मग डोळे मिटून हळू श्वास मोजत होतो, आणि छप्पन्नचा फरक श्वासाच्या नावावर मांडत होतो. माझ्या अभ्यासाने एवढंच सिद्ध झालं होतं की दम्याचं औषध घेतलं तर दमा बरा राहतो आणि कपाटावर ठेवलं तर राहत नाही. मला हसू आलं. चारचौघांत, तोंडावर हात दाबून, खुर्ची हलेपर्यंत हसू आलं, आणि ते मध्येच थांबलं, कारण लेक आठवली.

मी चहाच्या खोलीत गेलो, दार लोटलं आणि फोन लावला. घंटा वाजत राहिली. या वेळी ती कामाच्या टेबलाशी असते, हातमोजे असतात, फोन उचलायला वेळ लागतो, हे माहीत असूनही मी घंटा मोजू लागलो. मग तिने उचलला. "बाबा? आत्ता कसा... फोन केलास?" माझी लेक एका श्वासात तिच्या आईला हरवेल एवढं बोलते. तीन शब्द, मग श्वास. मी बोटं मिटायला लागलो. "काही नाही गं, सहज. काय करतेस?" "जुनं दप्तर आलंय... सकाळपासून झाडतेय... खूप धूळ आहे." चार शब्दसुद्धा नाहीत. "निळा घेतलास?" "घेतला ना... सकाळी एकदा. काल तीनदा." "आणि तपकिरी?" ती मग जरा रागाने, "बाबा, तूच म्हणालास ना."

"मी चुकलो," मी म्हणालो. हे वाक्य मी इतक्या वर्षांत कुठल्या तक्त्यात लिहिलं नव्हतं, पण तोंडातून सुटलं तेव्हा काही जड गेलं नाही. "ऐक. माझा अभ्यास खोटा आहे. मुद्दाम नाही, मूर्खपणाने. सगळं नंतर सांगतो. आधी हातातलं सोड, त्या खोलीतून बाहेर ये आणि ताठ बस. शेजारी कोण आहे?" "ताई आहेत... शिकवणाऱ्या." "त्यांना बोलाव. जवळ बसू देत. आता निळा काढ. एक फवारा, थांब, मग दुसरा." मी ऐकत होतो. खरखर, झाकण निघाल्याचा टक् आवाज, फुस्स, आणि शांतता. पुन्हा फुस्स. ताईंना मी ओळखत नव्हतो, पण फोनवरून त्यांना सांगितलं की दहा मिनिटांत बोलणं नीट झालं नाही तर थेट दवाखाना, आणि नीट झालं तरी आज संध्याकाळी डॉक्टर. त्या म्हणाल्या, "मी नेते हो, तुम्ही काळजी करू नका." मग दहा मिनिटं. दहा मिनिटांत माणूस काय बोलणार? मी बोललो. चाकाचं सांगितलं, ट्रेचं सांगितलं, आरशातल्या तड्याचं सांगितलं. चौकटीतलं भोक आणि कुत्रा तिला लहानपणापासून पाठ होता, तरी पुन्हा सांगितला. बोलता बोलता लक्षात आलं की माझा डावा हात सिंकच्या कडेवरून पुढेमागे फिरतोय, सावकाश, खरखरीत, मावशीचा पाठीवरून फिरायचा तसा. मी तो फिरू दिला. आठव्या मिनिटाला लेक म्हणाली, "म्हणजे तू स्वतःच्या अभ्यासात स्वतःचं औषध कपाटावर ठेवलंस आणि तुला तीन महिने पत्ता नाही?" मी मोजलं. चौदा शब्द, एक श्वास. माझा जीव भांड्यात पडला.

"तपकिरी कुठाय?" "बॅगेत. अगदी तळाशी." "काढ. मीही काढतो. सकाळचा घ्यायचा राहिलाय माझा." पुरावा म्हणून जपलेला पंप मी रुमालातून सोडवला आणि फोन स्पीकरवर टाकून सिंकपाशी ठेवला. "श्वास पूर्ण सोड. ओढ." तिकडे फुस्स, इकडे फुस्स. दोघांनी श्वास धरला. ऑफिसच्या त्या खोलीत चहाच्या यंत्राशिवाय कसलाही आवाज नव्हता, आणि मी मनात दहा मोजत होतो. तिकडे तीही मोजत असणार, कारण मोजायला तिला मीच शिकवलंय, ती पाच वर्षांची असताना, गुडघ्यावर बसवून. दहाला आम्ही दोघांनी एकदमच सोडला. "आता चूळ भर," मी म्हणालो, "नाहीतर तोंड येतं." "माहितेय रे बाबा," असं म्हणून ती पाण्याकडे गेली. मीही गुळणी भरली, मान वर केली, आणि तिकडून फोनमधून आणि इकडून माझ्या घशातून गुळगुळ सुरू झाली तेवढ्यात दार उघडून मॅडम कप घेऊन आत आल्या.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं, जो अजून गुळण्या करत होता. पंपाकडे पाहिलं. चष्म्यावरून म्हणाल्या, "मग?" तोंडात पाणी असल्यामुळे मला माझं म्हणणं मागे घेता येईना. मी थुंकलो, तोंड पुसलं आणि चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं. मॅडमनी कप यंत्राखाली ठेवला, बटण दाबलं. मग म्हणाल्या, "बारावा रकाना नव्हता." मी म्हणालो, "नव्हता." "वही आणा उद्या. वगळलेल्या अभ्यासांच्या यादीत घालू. कारण तुम्हीच लिहा, तुमच्याइतकं कडक कुणी लिहीत नाही." दाराशी जाऊन त्या थांबल्या. "मुलगी बरी आहे ना?" फोनमधून लेक म्हणाली, "बरी आहे, मॅडम." मॅडम चक्क हसल्या आणि गेल्या.

मग फोनवर आम्ही दोघंच राहिलो. "बाबा," लेक म्हणाली, "तो व्यायाम करू की सोडू?" मी म्हणालो, "कर. बरं वाटतं त्याने. पण पंप घेऊन मग." "आणि पंप रोज घेतला की पुन्हा असं होणार नाही?" माझ्या जिभेवर तिन्ही वाक्यं येऊन उभी राहिली, अठरा वर्षांची, घासूनपुसून तयार. रोज घेतला तर बहुतेकांना त्रास कमी होतो, काहींना तरीही होतो, धुळीचं काम असेल तर वेगळं, मास्क घालायला हवा, डॉक्टरने मात्रा बघायला हवी. हे सगळं तिला संध्याकाळी सांगायचं होतंच. पण ती काय विचारत होती ते मला कळलं. मी म्हणालो, "रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सात. मी फोन करीन, आपण दोघं एकदम घेऊ." "रोज? किती दिवस?" "मी आहे तोवर." तिचा श्वास ऐकू येत होता, आत, बाहेर, शिट्टीशिवाय. मी पंप उचलून चष्म्याजवळ धरला. एकशे पाच.